ब्रासचा हिशेब

गेल्या जूनमध्ये घरच्या ग्रुपवर उत्तनच्या किनाऱ्याचा एक फोटो आला. उधाणानं वाळू ओढून नेलेली, उतरायच्या शेवटच्या दोन पायऱ्या अधांतरी. आतेभावानं, म्हणजे आमच्या दादानं, खाली लिहिलं, "मोठा बंधारा बांधा, प्रश्न मिटला." मावशीचं म्हणणं, दर पावसाळ्यात वाळू जाते आणि दिवाळीपर्यंत येते, एवढा गवगवा कशाला. मी लिहिलं, दोघांचंही चुकतंय. त्यावर दादाचं उत्तर आलं, "तू चौदा वर्षं तिकडे आहेस. इथलं आम्ही बघतो."

ते मनाला लागलं. उत्तन ठाणे जिल्ह्यात आहे आणि मी ठाण्याची आहे.

मावशीचं निम्मं खरं आहे. पावसाळी लाटा उंच येतात, एकीवर एक येतात, आणि परतताना वाळू घेऊन जातात. ही वाळू थोडं पुढे पाण्याखाली आडव्या पट्ट्यासारखी साठते आणि पुढची मोठी लाट तिथेच फुटते. म्हणजे गेलेली वाळूसुद्धा किनारा राखतच असते. समुद्र निवला की लहान लाटा तीच वाळू पुन्हा वर सरकवतात. सुकली की वारा ती आत उडवतो, किनाऱ्यावर पसरणाऱ्या मर्यादवेलीत अडकते, मागची वाळूची टेकडी भरत जाते. पण टेकडी एका रात्रीत कापली जाते आणि भरायला वर्षं लागतात. निसर्ग वादळ 3 जून 2020 ला आलं, तौक्ते 2021 च्या मे महिन्यात किनाऱ्याजवळून गेलं. दोन्हींच्या मागे लगेच पावसाळा. वाळूनं परत यायचं कधी?

दादाच्या बंधाऱ्याचा मला खरा राग आहे. दगडावर आपटलेली लाट खाली वळते आणि पायथ्याची वाळू उकरते. बंधारा राहतो, पुळण, म्हणजे समोरचा वाळूचा पट्टा, जाते. बंधारा जिथे संपतो तिथे शेजारच्या पाड्याची जमीन आणखी खचते. पुळण गेली की होडी ओढायची कुठे आणि बोंबील वाळवायच्या वलांड्या घालायच्या कुठे, हे बंधारा मागणाऱ्यांनी उत्तनच्या कोळणींना विचारावं.

मी नेदरलँड्समध्ये, द हेगला राहते. इथे जानेवारीतल्या एका वादळानंतर मी पुळणीवर गेले तर टेकडी सुरीनं कापल्यासारखी उभी होती, माझ्यापेक्षा उंच. टेकडीवरच्या हेल्म गवताच्या मुळ्या उघड्या पडून वाऱ्यावर हलत होत्या. मुळी धरून ओढली तर ओंजळभर कोरडी वाळू पायावर आली. कोणी दगड आणून टाकले नाहीत. मे महिन्यात स्ट्रँडटेंटमध्ये, म्हणजे पुळणीवरच्या कॅफेत, कॉफी घ्यायला गेले तेव्हा पायथ्याशी वाळूचा उतार धरला होता. या टेकड्यांवर कुंपण घातलेल्या वाटा सोडून सहसा कोणी पाय ठेवत नाही. आमच्या नळाचं पाणीही त्यांच्यातूनच गाळून येतं.

1953 च्या पुरात या देशात 1836 माणसं गेली, त्यामुळे समुद्राची भीती यांना शिकवावी लागत नाही. तरी 1990 मध्ये यांनी ठरवलं की किनारा मागे सरकू द्यायचा नाही, आणि तो राखायचा तर मुख्यतः वाळूनं. 2011 मध्ये इथून दक्षिणेला सुमारे 2 कोटी 15 लाख घनमीटर वाळू एकाच जागी ओतली; लाटा आणि वारा ती बाजूच्या किनाऱ्याला वाटत नेतात. उत्तरेला पेटन गावी जुना दगडी बांध होता, त्याच्याही पुढे 2015 पर्यंत वाळू टाकून पुळण आणि टेकड्या केल्या.

दादा म्हणतो, द हेगच्याच शेवेनिंगेन किनाऱ्यावर बुलेव्हारखाली, म्हणजे समुद्रालगतच्या रस्त्याखाली, भिंतच आहे. आहे. पण तिच्यापुढे रुंद पुळणही आहे. यांच्याकडे पैसा आहे आणि समुद्राच्या तळाशी उचलायला वाळू आहे, हेही मान्य.

ग्रुपवर मी एक गोष्ट लिहिली नाही. आमच्या बाबांचा रेती-खडीचा धंदा होता. उल्हास नदी डोंगरातली वाळू खाडीत आणते, खाडी ती समुद्राच्या तोंडाशी नेते. आमच्याकडे ती वाटेतच उचलली जायची. आधी डुबीवाले बांबू धरून तळाशी जायचे आणि बादली भरून वर यायचे. मग सक्शन पंप आले. रेतीबंदरावरून ट्रक सुटायचे आणि शाळेतून आल्यावर मी दारातल्या ढिगाऱ्यातून शिंपल्या वेचायचे. किनारा त्यामुळेच खचला असं मी म्हणणार नाही. पण खाडीतून उचललेली वाळू किनाऱ्याला मिळाली नाही, हे तर खरं. माझी इथली पहिल्या वर्षाची फी त्याच धंद्यातून भरली. ठाण्यातल्या कितीतरी इमारतींच्या भिंतींत ती वाळू आहे आणि माझ्या इथल्या घरातही तिचा पैसा आहे. इथल्या टेकडीवर उभी राहून मी दादाला शहाणपण सांगते तेव्हा हे मला आठवत असतं.

परवा बाबांना फोनवर 2011 ची गोष्ट सांगितली. घनमीटर त्यांना समजत नाही, म्हणून ब्रासमध्ये, म्हणजे त्यांच्या धंद्यातल्या शंभर घनफुटांच्या मापात, हिशेब करून दिला. सुमारे 76 लाख ब्रास. ते बराच वेळ बोलले नाहीत.

"कुठल्या कामावर लागली एवढी?"

"कामावर नाही बाबा. समुद्रातून काढून किनाऱ्याला घातली."

"परत घातली?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं, तर त्यांनी पुन्हा तेच विचारलं.