पाणी काढत बसू नका, श्वास द्या

आमच्या गावच्या विहिरीतून एका मुलाला वर काढलं तेव्हा मी आठवीत होते. काठावर सगळं गाव जमलं होतं आणि जो तो काहीतरी करत होता. कुणी पाय धरून त्याला उलटा केला, कुणी पोट दाबलं, मग घागर आडवी ठेवून तिच्यावर पालथा घातला. तोंडातून पाणी आलं की "निघालं, निघालं!" असा गलका. जीप येईस्तोवर हेच चाललं होतं. त्याच्या कानामागे शेवाळ चिकटलं होतं, ते मला अजून दिसतं. त्याला श्वास मात्र कुणीच दिला नाही.

गावाला मी दोष देत नाही. ठाऊक होतं ते त्यांनी जिवाच्या आकांताने केलं. पण ते चूक होतं. फुप्फुसात गेलेलं पाणी बहुधा फार नसतं आणि ते असं उपसून निघत नाही. पोट दाबलं की पोटातलं वर येतं आणि श्वासनलिकेत जाऊ शकतं. शिवाय मिनिटं जातात. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार-पाच मिनिटांतच इजा व्हायला लागते.

हल्ली हृदय बंद पडलेल्या माणसासाठी "नुसती छाती दाबा, तोंडाने श्वास द्यायची गरज नाही" असं सगळीकडे सांगतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००८ साली तसं सांगितलं, ते डोळ्यांदेखत अचानक कोसळलेल्या मोठ्या माणसासाठी. त्याच्या रक्तात तेव्हा प्राणवायू शिल्लक असतो. बुडालेल्याच्या रक्तातला संपलेला असतो, म्हणूनच तर त्याचं हृदय थांबतं. तिथे आधी श्वास. युरोपातली पद्धत सुरुवातीला पाच श्वासांची, अमेरिकेतली दोन. मग ३० वेळा छाती दाबायची, दोन श्वास, पुन्हा ३०. आणि पहिल्या क्षणापासून दुसऱ्या कुणीतरी १०८ लावायचा.

"आपण सोडलेली हवा काय कामाची?" असं लोक विचारतात. तिच्यात १६-१७ टक्के प्राणवायू असतो, तेवढा पुरतो. १९५०च्या दशकात बाल्टिमोरला डॉ. पीटर साफर यांनी औषधाने श्वास थांबवलेल्या स्वयंसेवकांवर हे दाखवून दिलं. त्यांना श्वास देणाऱ्यांत डॉक्टर नसलेली साधी माणसंही होती.

मागच्या वर्षी मी हे शिकले. सरावाच्या रबरी पुतळ्याचं नाक चिमटीत धरलं, तोंडावर तोंड घट्ट लावलं, फुंकलं. छाती हललीच नाही. शिकवणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, "ताई, कपाळावर हात ठेवून मान मागे करा, हनुवटी वर घ्या." पुन्हा फुंकलं, जेमतेम एक सेकंद, आणि रबरी छाती हळूच वर आली. मला रडू आलं. एवढंच तर करायचं होतं त्या दिवशी.

विसर्जनाला मंडळाची मुलं कमरेभर पाण्यात उतरतात. दोरी असते, टायरची ट्यूब असते. बुडालेल्याला बाहेर ओढल्यावर काय करायचं, हे मात्र त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. आमच्या मंडळाच्या पोरांना या रविवारी शाळेच्या पटांगणात बोलावलंय, सकाळी आठला. सिस्टर पुतळा घेऊन येणार आहेत. विहिरीत पोहायला जाणारी पोरं ज्यांच्या घरात आहेत, त्या आया-बापांनीही या.