दोन टनांचा नंद्या

एप्रिल लागला की सुन्या एसी घ्यायचं ठरवतो. मे महिन्यात दुकानं हिंडतो, आणि जूनमध्ये डोंबिवलीत पहिली सर आली की म्हणतो, ‘बघू पुढच्या वर्षी.’ असं तीन वर्षं चाललंय. यंदा मात्र जीएसटी 28 चा 18 झालाय म्हणून तो फारच पेटलाय.

‘दोन टन घे,’ चहा यायच्या आधीच नंद्याने निकाल दिला. नंद्याला कुठलीही वस्तू असेल त्यातली सगळ्यात मोठी लागते. त्याच्याकडे 65 इंची टीव्ही आहे आणि सोफा साडेपाच फुटांवर. क्रिकेट बघतानाही मान टेनिससारखी फिरवावी लागते.

‘खोली केवढी?’ बबनने विचारलं. बबन वायरमन. आमच्यातला हाच एक माणूस, जो आधी विचारतो आणि मग बोलतो.

‘दहा बाय बारा.’

‘मग दोन टन कोणाला गार करायला? गच्चीवरच्या टाकीला?’

‘पण टन म्हणजे रे नक्की काय?’ सुन्या.

‘पॉवर!’ नंद्या.

‘बर्फ,’ बबन म्हणाला. ‘एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खोलीतून उपसून बाहेर टाकायची ताकद. साडेतीन किलोवॅट.’

सुन्या दचकला. ‘साडेतीनचं बिल?’

‘उपसतो साडेतीन, खातो एकाच्या आसपास. तुझ्यासारखा नाही, खातो साडेतीन आणि...’ पुढचं हशात बुडालं.

तेवढ्यात नागपूरचा भाऊ उठला. ‘कायले पायजे बे एसी? आमच्याकडे 45 डिग्रीत वाळ्याचा कूलर लावतो नं आमी. सकाळी चादर लागते.’

‘भाऊ, तुमची हवा कोरडी,’ बबन म्हणाला. ‘ती पाणी पिते म्हणून कूलर चालतो. इथली खाडीची हवा आधीच पिऊन बसलीये. इथे कूलर लावलास तर पापडांनासुद्धा घाम फुटेल.’

‘कूलर!’ नंद्या खो खो हसला. ‘हा 1985 सालातनं आलाय!’ (हे वाक्य लक्षात ठेवा.)

बबनचं खरं म्हणणं वेगळंच होतं. एसी गरजेपेक्षा मोठा घेतला तर तो खोली झटक्यात गार करतो आणि बंद पडून राहतो. हवेतलं पाणी काढायला तो चालू तरी राहायला हवा. मग गारठाही वाजतो आणि अंथरूणही ओलसर लागतं. इन्व्हर्टरवाला आपला वेग कमी करतो, पण त्यालाही किती खाली जायचं याची हद्द असते. ‘मधल्या मजल्यावर असतास तर एक टन पुरला असता. तू टॉप फ्लोअरला, त्यात पश्चिमेची भिंत. दीड घे. त्याआधी गच्चीला पांढरा रंग मार.’

‘फाइव्ह स्टार?’

‘तारे मोजू नकोस, आयसीर बघ, म्हणजे खाल्लेल्या विजेत गारवा किती देतो ते. तो आकडा लेबलवरच असतो. आणि लेबलचं सालही बघ, ताऱ्यांची मापं बदलत राहतात. वर्षाचे युनिट छापलेत ते 1600 तासांचे, म्हणजे रोज आठ तास धरले तर दोनशे रात्री. तेवढा लावणार नसशील तर पाचव्या ताऱ्याचे पैसे वसूल व्हायला तुझा नातू यावा लागेल.’

‘मी तर 18 वरच लावतो,’ नंद्या.

‘आणि वरनं ब्लँकेट घेतो,’ मी म्हणालो. 2020 पासून नवा एसी सुरूच 24 वर होतो, तरी नंद्याचा अंगठा रिमोटवर आपोआप खाली जातो. 20 च्या खाली जाऊच देणार नाही, असं मंत्री म्हणाले होते तेव्हा कट्ट्यावर सर्वांत जास्त आरडाओरडा याचाच.

बबनने खिशातून एक प्लग काढून कट्ट्यावर ठेवला. एक पिन काळी पडलेली, भोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन गुळासारखं ओघळलेलं. अजून जळका वास येत होता. ‘कालच काढला. एसी पंचेचाळीस हजारांचा आणि लावला मिक्सरच्या सॉकेटला. सुन्या, मीटरपासून वेगळी लाइन ओढ, चार एमएमची. वेगळी एमसीबी. मग कंपनी कुठली ते बघ.’

‘कॉइल तांब्याची हवी ना?’

‘तांब्याचीच घे. गळली तर डाग देता येतो.’

‘तूच डाग देणार, म्हणून सांगतोयस,’ नंद्या फणकारला. अलिबागच्या सहलीचे 380 रुपये बबन अजून मागतो, त्याचा हा राग. मग दहा मिनिटं त्या सहलीवरच गेली. तिथे कोळंबी कोणी मागवली होती, याचा निकाल याही वेळी लागला नाही.

चहाचे ग्लास परत देता देता बबनने विचारलं, ‘आउटडोअर कुठे लावणार? डक्टमध्ये नको. गरम हवा तिथेच कोंडते, मग एसी तीच पुन्हा ओढतो.’

‘डक्टमध्ये नाही. खिडकीखाली, मधल्या गल्लीच्या बाजूला.’

‘समोर कोणाची खिडकी?’

सुन्याने जरा आठवलं. ‘बी विंग... नंद्याचीच की. बेडरूमची.’

नंद्याचा हात ग्लासासकट हवेतच थांबला.

‘दोन टनांचा भपका डायरेक्ट उशीवर,’ बबन म्हणाला.

‘तसं बघितलं तर,’ नंद्या घसा खाकरत म्हणाला, ‘दहा बाय बाराला एक टनसुद्धा जास्तच होतो. भाऊ, तो वाळा मिळतो कुठे रे?’