लेंटचा डबा: परभणीच्या दादांच्या कमेंटला उत्तर

दादा, सलाम. तुमची कमेंट दोनदा वाचली, पहिल्यांदा रागच आला, खोटं कशाला बोलू. तुम्ही म्हणायलात की संडे स्कूलच्या लेकरांना लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या काळात, गोळ्या-चॉकलेट डब्यात टाकायला लावणं म्हणजे देवाच्या नावाखाली मन मारणं, आणि दाबलेली हौस पुढं दुप्पट उसळते.

अर्धं पटलं. बायबलात पौलानं गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या 5व्या अध्यायात आत्म्याच्या फळाची जी नऊ नावं येतात त्यातलं शेवटचं 'इंद्रियदमन', आणि हा शब्द आठ वर्षाच्या पोरापुढं म्हणला की दमदाटीच वाटते. मूळ ग्रीक शब्द एन्क्रातेइया, त्यात क्रातोस म्हणजे ताकद, म्हणजे स्वतःवरचा ताबा. पौलानं करिंथकरांस पहिल्या पत्रात (9:25) त्याच घराण्यातला शब्द स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूसाठी वापरलाय, कबड्डी खेळणाऱ्या आमच्या पोरांना तो बरोबर कळतो. शिकवताना मी 'ताबा' म्हणते, दमन नाही.

पण मन मारायला लावते हे काही मान्य नाही. वर्गात धडा मान्नाचा होता, म्हणजे इस्राएली लोकांना रानात देवानं रोज दिलेल्या अन्नाचा, बायबलातलं निर्गम 16. रानात माणशी एक ओमर (तेव्हाचं एक माप) गोळा करायचा, उद्याचा उद्या मिळेल, तरी काहींनी सकाळपर्यंत ठेवलाच आणि त्यात किडे पडले. ते हावरट होते असं आपण पटकन म्हणतो, मला तर ते भ्यालेले वाटतात. मिसरात (इजिप्तात) गुलामी करून आलेली माणसं, उद्यावर भरवसा कसा ठेवणार?

हे मला कळलं ते 2016 ला, लातुरात. मांजरा धरण कोरडं, पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी, आणि टँकर कधी येईल त्याचा नेम नाही म्हणून आम्ही घागर, पातेलं, टिफिनचे डबेसुद्धा भरून ठेवायचो. एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. आमचा धाकटा तेव्हा पाच वर्षाचा. त्यानं पलंगाखाली एक बाटली लपवलेली होती ती पावसाळ्यात झाडताना सापडली, पाण्याला वास सुटलेला. त्याला 'पुरे' म्हणायला शिकवायच्या आधी 'उद्या मिळेल' हे खरं करून दाखवायला पाहिजे होतं ना.

तुम्ही मार्शमॅलोच्या प्रयोगाचा दाखला दिलात, लेकरापुढं एक गोड गोळी ठेवायची आणि न खाता थांबलास तर दोन मिळतील म्हणायचं तो, की थांबणं न थांबणं लेकराच्या स्वभावातच असतं. पण अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात तोच प्रयोग वेगळ्या तऱ्हेनं केला, 2013 ला तो छापून आला. आधी मोठ्या माणसानं लेकरांना चांगले रंग आणून देतो म्हणून सांगितलं, काहींना आणून दिले, काहींना नाही. ज्यांना मिळाले ती सरासरी 12 मिनिटं थांबली, ज्यांना फसवलं ती 3. लेकरं 28च होती, म्हणून फार ताणत नाही मी ते, पण घरोघरी हेच दिसतं की हो. "नंतर देते" म्हणायचं आणि द्यायचं नाही, मग त्यानं धीर कशाच्या जोरावर धरायचा? मोबाईलचं तर बोलूच नका, पोराला "दहा मिनिटं बस" म्हणते आणि स्वतः रात्री बारापर्यंत रील्स बघते.

आता डब्याचं. सक्ती नाही, ज्याला टाकायचं तो टाकतो, नाव लिहून ठेवतो, ईस्टरला ज्याचं त्याला परत. दोन पोरं काहीच टाकत नाहीत, त्यांना कुणी बोलत नाही. उपाशी तर कुणालाच ठेवत नाही, ते मलाही चालणार नाही.

पण मागच्या ईस्टरला एक झालं, ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल म्हणून मीच सांगते. उपासनेच्या गडबडीत डबा घरीच विसरला. लेकरं रांगेत उभी. मी सॉरी म्हणाले, पुढच्या रविवारी आणते म्हणाले, तर तिसरीतली एक पोरगी म्हणली, "टीचर, मला वाटलंच होतं." तिनं यंदा डब्यात काही टाकलं नाही. मी विचारलंही नाही.

डबा यावर्षी देवळातच ठेवलाय, वेदीच्या बाजूच्या कपाटात, किल्ली पाळकसाहेबांकडं.