श्रेकचा सातबारा

'श्रेक' म्हटलं की लोकांना आठवतं ते बोलकं गाढव. नाहीतर ती सुरुवात, परीकथेचं सुंदर पुस्तक वाचत बसलेला श्रेक त्यातलंच पान टर्रकन फाडून संडासात वापरतो. टिंगल म्हणून भारीच आहे ते. पण २००१ च्या या ॲनिमेशन सिनेमातली खरी उलटापालट मला जागेच्या भानगडीत दिसते. नवी मुंबईतल्या नेरूळची आहे, त्यामुळेही असेल.

आटपाट नगरापासून युरोपातल्या परीकथांपर्यंत हिशोब ठरलेला. राजवाड्यात सुख, रानात राक्षस. नायक निघतो तो राजकन्या आणि अर्ध्या राज्यासाठी. दलदलीत एकटा राहणारा हा हिरवा राक्षस, श्रेक, कशासाठी निघतो? फर्क्वाड नावाच्या सरदाराने परीकथांमधली सगळी पात्रं हाकलून याच्या दलदलीत आणून टाकलीत. लांडगा तर आजीचे कपडे घालून चक्क याच्याच पलंगावर लोळतोय. ही गर्दी हटवायची तर अट एकच: ड्रॅगनच्या तावडीतून राजकन्या फियोनाला सोडवून आण. फर्क्वाडला ती हवी, कारण राजकन्येशी लग्न झाल्याशिवाय राजा होता येत नाही. म्हणजे एकाला खुर्ची हवी, दुसऱ्याला जागा मोकळी करून हवी. प्रेमबिम कुणाच्याच डोक्यात नाही. सातबाऱ्यासाठी राजकन्या सोडवायला निघालेला नायक मी तरी दुसरा पाहिलेला नाही!

आणि ते फर्क्वाडचं शहर, ड्युलॉक! चकाचक, आखीवरेखीव, गवतावर पाय ठेवायचा नाही, टाळ्या कधी वाजवायच्या तेही पाटी दाखवून. श्रेकला बघून तिथला मुखवटेवाला घाबरून पळतो, पण रांगेसाठी बांधलेल्या दोरांमधून, शिस्तीत एकेक वळण घेत. श्रेक सरळ चालत येतो, दोर पाडत. हा सिनेमा काढणाऱ्या ड्रीमवर्क्सच्या संस्थापकांपैकी जेफ्री कॅट्झनबर्ग १९९४ मध्ये डिस्नीतून बाहेर पडलेला, म्हणून लोक यात डिस्नीला काढलेला चिमटा शोधतात. शोधू देत. मला दिसतं ते आखून वसवलेलं शहर आणि नको ते सगळं ढकलायला ठेवलेली पाणथळ. आमच्याकडच्या सीवूड्सच्या तळ्यावर फ्लेमिंगो आले की आपण सगळे मोबाइल काढून उभे. ते गेले की तीच जागा म्हणजे चिखल, डास आणि 'इथे टॉवर का नाही झाला अजून?'

श्रेक आणि फियोनाचं लग्नही शेवटी दलदलीतच लागतं, त्याच हाकललेल्या वऱ्हाडासमोर. दिवसा सुंदर, रात्री राक्षसीण असा शाप असलेली फियोना तो सुटल्यावर हिरवी, जाडजूड राक्षसीणच राहते. शेजारी बसलेली भाची अस्वस्थ. "मावशी, ती परत सुंदर कधी होणार?" म्हटलं, झाली की, संपला पिक्चर. तिला काही पटलं नाही.

खटकतं ते एकच. रूपावर जाऊ नका म्हणणारा हा सिनेमा फर्क्वाडच्या बुटकेपणावर मात्र पुन्हा पुन्हा विनोद करतो. राक्षसाला माणूस म्हणून बघायचं आणि बुटक्याला हसायचं, हे कुठलं बंड? आमच्या घरात सगळ्यात मोठा हशा मात्र त्यालाच पडला.