पिकअपवाली जुनी गाडी, आणि तिले आठे कोन सांभाळी?

सेकंडहँड गाडीचा विषय निघाला की आमच्या धुळ्यात एकच सल्ला मिळतो. स्विफ्ट घ्या, नाहीतर वॅगनआर घ्या आणि मोकळे व्हा. आमचे आप्पा (माझे सासरे) गेले काही महिने रोज जेवताना मला हेच सांगताहेत. सल्ला चुकीचा नाही. गाडी रस्त्यात बंद पडली तर पारोळ्यात, साक्रीत, कुठेही माणूस धावून येतो, पार्ट संध्याकाळपर्यंत मिळतो. पण मला गाडी चालवायला मनापासून आवडतं. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर शिरपूरहून चोपड्याकडे जाताना पुढे केळीचा ट्रक असतो, समोरून एसटी येत असते आणि मधली मोकळी जागा जेमतेम असते. तिथे पाय दाबल्यावर गाडी लगेच उचलली पाहिजे. ज्याने तो रस्ता केला आहे त्याला मी काय म्हणते ते कळेल. पिकअप हा पोरासोरांचा शौक आहे असं मला वाटत नाही. दोन पदरी रस्त्यावर ती कामाची गोष्ट आहे.

म्हणून मी पोलो जीटी, बलेनो आरएस, पुंटो, फिगो या मंडळींच्या मागे लागले आहे. नवी घेणं परवडत नाही आणि यातल्या सगळ्याच गाड्या बंद झाल्या आहेत, त्यामुळे जुनीच घ्यावी लागणार. आणि इथेच सगळे घाबरवतात. टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा) उडतो, गिअरबॉक्स जातो, पार्ट मिळत नाही, कंपनी पळून गेली. आमचे नेहमीचे मिस्तरी दादा तर एका वाक्यात विषय संपवतात, ‘ताई, गाडी भारी से, पन तिले आठे कोन सांभाळी?’ (तिला इथे कोण सांभाळणार?)

हा प्रश्न मला फार आवडला. कारण खरा प्रश्न तोच आहे, आणि त्याचं उत्तर प्रत्येक गाडीसाठी वेगळं येतं. ब्रँडच्या नावावरून ते मिळत नाही. गाडी बंद झाली असेल, पण तिचं इंजिन अजून कुठल्या दुसऱ्या गाडीत चालू आहे का, हे बघायला लागतं. मी असं बघायला लागले तेव्हा अर्धी भीती आपोआप गळून पडली आणि उरलेली अर्धी नेमक्या जागी जाऊन बसली.

पुंटोचंच घ्या. फियाटने भारतात गाड्या विकणं थांबवून वर्षं झाली, म्हणून लोक तिच्याकडे बघतही नाहीत. पण पुंटोच्या डिझेलमध्ये 1.3 मल्टीजेट आहे, म्हणजे स्विफ्ट डिझेल, डिझायर, रिट्झ, व्हिस्टा या सगळ्यांत होतं तेच इंजिन. 2020 च्या एप्रिलमध्ये बीएस-6 (प्रदूषणाचे कडक नियम) आलं आणि ते बंद पडलं, पण तोवर खान्देशातल्या प्रत्येक मिस्तऱ्याने ते उघडून पाहिलेलं आहे. पुंटोत त्याचं 93 पीएसचं जोरदार रूपही मिळायचं. त्या रूपाचा टर्बो साध्या स्विफ्टच्या टर्बोपेक्षा वेगळा आहे, हे मात्र लक्षात ठेवायचं. त्या गाडीत भीती बाळगायची असेल तर दरवाजाची कुलपं, काचांचे स्विच, डॅशबोर्डवरचे दिवे, सस्पेन्शनचे पार्ट यांची बाळगा. इंजिनची नाही.

याच्या उलट अबार्थ पुंटो. 2015 साली आली, 1.4 लिटर टी-जेट (फियाटचं टर्बो पेट्रोल इंजिन), 145 बीएचपी ताकद, 212 न्यूटन मीटर टॉर्क. त्या काळात तेवढ्या किमतीच्या लहान गाडीत एवढी ताकद आपल्याकडे कुणी देत नव्हतं. मला ती बघितली की अजूनही थांबावंसं वाटतं. पण ते इंजिन लिनिया टी-जेट सोडून इथे फारसं कुठे लागलंच नाही. एखादा सेन्सर गेला तर पुण्या-मुंबईच्या ओळखीवर दिवस काढायचे. घरात दुसरी गाडी असेल तर जरूर घ्यावी. जिच्यावर रोजची नोकरी अवलंबून आहे अशी एकुलती एक गाडी म्हणून मी ती घेणार नाही, जीव कितीही अडकला तरी.

बलेनो आरएस मधली. 2017 ते 2020 एवढीच विकली गेली. बंपर, दिवे, काचा, सस्पेन्शनचे बरेचसे पार्ट साध्या बलेनोचे, म्हणजे चाळीसगावातही मिळतील. इंजिन मात्र 1.0 बूस्टरजेट (सुझुकीचं टर्बो पेट्रोल), 102 पीएस, तेव्हा जपानहून यायचं. चांगली गोष्ट अशी की त्याच घराण्याचं बूस्टरजेट 2023 पासून फ्राँक्समध्ये येतंय. म्हणजे त्या इंजिनला हात लावलेली माणसं आणि त्याचे पार्ट आता वाढत जाणार.

आणि पोलो. हिच्याबद्दल सगळ्यात जास्त भीती आणि सगळ्यात जास्त प्रेम, दोन्ही. पोलो जीटी टीएसआय (टीएसआय म्हणजे फोक्सवॅगनचं टर्बो पेट्रोल इंजिन) नावाच्या दोन अगदी वेगळ्या गाड्या आहेत हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. 2013 साली आलेली पहिली 1.2 लिटर, चार सिलिंडर, 105 पीएस, आणि तिला सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. 2020 ची दुसरी 1.0 लिटर, तीन सिलिंडर, 110 पीएस, तिला टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक, म्हणजे क्लच प्लेटांऐवजी तेलातून ताकद पोचवणारा. याच 1.0 टीएसआय इंजिनाला सहा गिअरचा साधा मॅन्युअलही मिळायचा. 2022 ला पोलो चाकणहून निघणं बंद झालं, पण 1.0 टीएसआय इंजिन टायगुन, व्हर्टस, कुशाक, स्लाव्हिया या गाड्यांत चालूच आहे.

भीती जर कुठल्या एका जागी ठेवायची असेल तर ती पहिल्या गाडीच्या त्या डीएसजीवर ठेवा. हा गिअरबॉक्स ड्राय क्लचचा आहे. क्लच प्लेटा तेलात बुडालेल्या नसतात, त्यामुळे गाडी इंच-इंच सरकताना तापलेली उष्णता बाहेर जायला वेळ लागतो. त्यात मेकाट्रॉनिक नावाचा भाग असतो, म्हणजे गिअरबॉक्सचा मेंदू आणि तेलाच्या दाबावर चालणारे त्याचे हात एकाच डब्यात. तो गेला की खर्च लाखाच्या वर जातो, आणि धुळ्यात रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये त्याला कुणी हात लावणार नाही. 2013 साली चीनमध्ये डीएसजीच्या तक्रारींमुळे फोक्सवॅगनला 3 लाख 84 हजारांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. ही अफवा नाही. चांगला डीएसजी चालवायला स्वर्ग आहे हेही खरं. पण आठ-दहा वर्षांचा, दुसऱ्याने वापरलेला डीएसजी खान्देशात आणून ठेवणं मला पटत नाही.

गंमत म्हणजे प्रत्येक विकणारा मला ऑटोमॅटिकच दाखवतो. ‘ताई, तुम्हाला ऑटोमॅटिक सोपी जाईल.’ मी बाई आहे म्हणून सगळ्यात नाजूक गिअरबॉक्स माझ्या पदरात टाकायचा, याचा मला खरंच राग येतो. बहिणींनो, पाय क्लचवर सरावलेला असेल तर जुन्या टर्बो गाडीत मॅन्युअलच मागा. क्लच प्लेट बदलणं हे आपल्याकडच्या कुठल्याही बऱ्या मिस्तऱ्याचं काम आहे.

आता किलोमीटरबद्दल. पुण्या-मुंबईच्या गाडीचा मीटर कमी असतो म्हणून आपले लोक तिकडे धावतात. पण 40 हजार किलोमीटर हिंजवडीच्या गर्दीत झाले असतील तर ते इंजिन, तो क्लच, तो पंखा किती तास चालला असेल याचा विचार करा. धुळे-नाशिक हायवेवर टॉप गिअरमध्ये सरळ पळालेली 90 हजारांची गाडी मला तिच्यापेक्षा जास्त भरवशाची वाटते. आपल्याकडची गर्दी कमी आहे ही आपली जमेची बाजू. ऊन ही उणे बाजू. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा 45 च्या आसपास जातो तेव्हा रबरी होज, प्लास्टिकच्या टाक्या, रेडिएटरचा पंखा सगळ्यांची परीक्षा होते. टर्बो गाडीत तर जास्तच, कारण टर्बो एक्झॉस्टच्या तापलेल्या वायूवरच फिरतो आणि त्याला वंगण द्यायचं, थंड ठेवायचं मोठं काम इंजिन ऑइल करतं. टर्बो आपणहून क्वचितच उडतो. मागच्या मालकाने ऑइल वेळेवर बदललं नाही, किंवा हायवेवरून जोरात येऊन लगेच चावी बंद करायची सवय ठेवली, म्हणून उडतो. त्यामुळे मी टर्बोला घाबरत नाही, मागच्या मालकाला घाबरते.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा जाणकार माणूस आधी दात बघतो, मग घोडा चालवून बघतो, पळवून बघतो. रंग शेवटी. गाडीलाही हेच लागू. मी विकणाऱ्याला आधीच सांगते की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिला हात बोनेटवर. गरम लागलं तर का गरम केली ते विचारायचं. ज्या इंजिनात टायमिंगची साखळी असते ते थंड चालू होताना पहिल्या काही सेकंदांत तिची खडखड ऐकू येते की नाही, ते कान देऊन ऐकायचं. गरम गाडीत ती लपते. मग ऑइलचं झाकण काढून बॅक कॉम्प्रेशन बघायचं (तिथून इंजिनचा धूर जोरात बाहेर येतो का), सायलेन्सरचा धूर बघायचा. मग एसी पूर्ण लावून, भर उन्हात, गाडी जागेवर पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवायची आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवायची. विकणारे वैतागतात. वैतागू द्या. नंतर चौथ्या गिअरमध्ये, हळू वेगात, एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर दाबायचा. आरपीएम उसळला आणि गाडी मागेच राहिली तर क्लच घसरतोय.

जोरदार गाड्यांत आणखी एक भानगड असते, ती साध्या स्विफ्टमध्ये सहसा नसते. मागच्या मालकाने रिमॅप केलेलं असतं. इंजिनच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्राम बदलून ताकद वाढवायची, दोन-तीन वर्षं गाडी पिळायची आणि विकताना पुन्हा मूळ प्रोग्राम टाकायचा. बदललेला एअर फिल्टर, रुंद सायलेन्सर, किंवा ते काढल्याच्या खुणा दिसल्या तर सरळ विचारा. उत्तर टाळलं तर उठून या. टायरवरचा चार आकडी नंबरही वाचा. 2319 म्हणजे 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. मीटर 30 हजार दाखवतो आणि चारही टायर गाडीपेक्षा तीन वर्षांनी नवे, मग मूळचे टायर कुठे झिजले? सर्व्हिस सेंटरमधून जुनी नोंद काढून घेतली तर मीटर मागे घेतलेला लगेच सापडतो. पुण्याची एक लाल जीटी मी याच कारणाने सोडली. फार सुंदर होती.

पेट्रोल गाडी घेणाऱ्यांनी ई-20 चाही विचार करावा. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि 2023 च्या आधीच्या बहुतेक गाड्या एवढ्या इथेनॉलसाठी बनवलेल्या नाहीत. ॲव्हरेज थोडं कमी होतं, जुने रबरी पाइप आणि सील लवकर कडक पडू शकतात. माझ्या माहेरी मका पिकतो, इथेनॉलमुळे मक्याला भाव मिळतो याचा मला आनंदच आहे. पण मग फ्युएल लाइन वर्षातून एकदा तपासून घ्यायची, एवढं आपल्या हातात आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. गाडी नावावर करायला फॉर्म 29 आणि 30, कर्ज असेल तर बँकेची सही असलेला फॉर्म 35, ऑनलाइन चलान बाकी नाही ना हे बघणं, आणि विमा 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, त्यामुळे हप्ता वाढतो, तेवढे पैसे आधीच धरा.

पैशांवरून आठवलं. आप्पांचं म्हणणं असं की खर्चिकच गाडी घ्यायची तर त्यात अजून भर घालून नवी साधी गाडी का नाही? मी त्यांना हिशेब लिहून दाखवला. गाडीच्या किमतीचा पाचवा हिस्सा मी पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवणार आहे. त्यातून पहिल्याच महिन्यात ऑइल, कूलंट, ब्रेक फ्लुइड, सगळे फिल्टर, लागले तर टायर. उरलेलं बँकेत, त्याला हात लावायचा नाही. ज्याच्याकडे हा पाचवा हिस्सा नाही त्याने जोरदार जुनी गाडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सगळे पैसे खरेदीतच संपवणाऱ्याची गाडी पहिल्या मोठ्या खर्चाला दारात उभी राहते, आणि मग तो गावभर सांगत सुटतो की ही कंपनीच वाईट.

आता माझ्या यादीत दोनच उरल्या आहेत. 1.0 टीएसआय मॅन्युअल पोलो, नाहीतर नीट ठेवलेली 93 पीएसची पुंटो. पोलोसाठी कंपनीचं सर्व्हिस सेंटर लागलंच तर नाशिक दीडशे-एकशेसाठ किलोमीटर. वर्षातून एक-दोनदा तेवढं जायला माझी तयारी आहे. नंदुरबारला एकांकडे 2021 ची पोलो आहे, पहिला मालक, हायवेवर चाललेली, सर्व्हिसची सगळी बिलं फाइलला लावलेली. मिस्तरी दादा सोबत यायला तयार झालेत, स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारं यंत्र) घेऊन. आम्ही दुपारी दोनची वेळ मागितली आहे आणि सकाळपासून गाडी चालू करू नका असं त्यांना सांगून ठेवलं आहे. जळगाव-धुळे-नंदुरबारमध्ये कुणी 1.0 टीएसआय स्वतः वापरत असेल आणि ती कुठल्या मिस्तऱ्याकडे देता ते सांगू शकत असेल, तर त्याआधी कळवा.