खुलासा : 'लेझर रूट कॅनाल, ना ड्रिल ना इंजेक्शन' हा संदेश चुकीचा आहे

'आता रूट कॅनाल फक्त लेझरने, ड्रिल नाही, इंजेक्शन नाही' असा संदेश फिरतो आहे. तसे होत नाही.

दवाखान्यांत सर्रास दिसतो तो डायोड लेझर, साधारण ८१० ते ९८० नॅनोमीटर तरंगलांबीचा. त्याचा प्रकाश रक्तातले हिमोग्लोबिन आणि हिरडीतले मेलॅनिन हे रंगद्रव्य शोषून घेतात, म्हणून तो हिरडी कापतो, रक्त थांबवतो. दात मात्र कापत नाही. दातावर धरला तर नुसता तापवतो आणि आतल्या नसेला इजा होऊ शकते. दात कोरतो तो एर्बियम-याग, २९४० नॅनोमीटरचा, पाण्याच्या फवाऱ्यासह चालणारा आणि बराच महाग. छोटी कीड त्याने कधी कधी भूल न देताही निघते. दातात भरलेली जुनी चांदी किंवा दातावरची धातूची टोपी काढायला ड्रिलच हवे.

रूट कॅनालमध्ये दाताच्या मुळातली नलिका फाइलनेच (बारीक कानशीने) घासावी लागते, सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशक द्रावणाने धुवावी लागते. लेझर त्या द्रावणाला नलिकेत ढवळतो, जंतू कमी करायला मदत करतो, एवढेच. नस जिवंत असेल तर भूल द्यावीच लागते.

'बिनइंजेक्शन' दवाखाना शोधताना उपचार लांबतात, पू होतो, वाचणारा दात काढावा लागतो. कृपया तो संदेश पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर आला तिथे हा खुलासा टाका. आणि लेझर वापरणार असतील तर त्या लेझरच्या तरंगलांबीसाठीचा संरक्षक चष्मा आवर्जून मागा.