एसीतला गॅस संपत नाही, गळतो

सलग तीन उन्हाळे मी एकाच एसीत गॅस भरून घेतला. तिन्ही वेळा माणूस वेगळा, वाक्य मात्र तेच: "गॅस संपलाय साहेब." आणि तिन्ही वेळा मी मान डोलावली. गाडीतलं पेट्रोल संपतं, स्वयंपाकाचा सिलिंडर संपतो, तसा एसीतला गॅसही वापरून वापरून संपत असेल, असं मी धरूनच चाललो होतो. चौथ्या वर्षी आलेल्या गृहस्थांनी गॅसचा दाब मोजायचा गेज काढायच्या आधी वाटीभर साबणाचं पाणी मागितलं. मला वाटलं, हात धुवायचे असतील. त्यांनी ते पाणी आउटडोअर युनिटला तांब्याची नळी जिथे नटाने जोडलेली असते तिथे लावलं, आणि थोड्याच वेळात तिथून बारीक बुडबुडे यायला लागले. नळीचं तोंड बसवतानाच वाकडं पसरवलं गेलं होतं. म्हणजे पहिल्या दिवसापासून एसी गॅस गाळत होता आणि मी दरवर्षी पैसे मोजून गळतीला खुराक पुरवत होतो.

मंडळी, घरातला फ्रिज आठवा. त्यात दरवर्षी कोण गॅस भरतं? फ्रिज आणि एसी एकाच तत्त्वावर चालतात. बंद नळ्यांमधून तोच गॅस फिरत राहतो. खोलीतली उष्णता शोषून वाफ होतो, बाहेर जाऊन ती उष्णता टाकतो, पुन्हा द्रव होतो आणि परत येतो. तो जळत नाही, झिजत नाही. कमी झाला असेल तर एकतर बसवताना कमी भरलाय, नाहीतर कुठून तरी गळतोय. त्यामुळे "गॅस भरावा लागेल" हे वाक्य ऐकलं की पुढचा प्रश्न एकच विचारायचा: "गळती कुठे आहे?" उत्तर नसेल तर घाई करू नका.

आता नीट काम म्हणजे काय ते सांगतो, कारण बिलातला फरक इथेच पडतो. आधी नळ्यांमध्ये नायट्रोजनचा दाब देऊन गळती शोधायची. ती बंद करायची. मग व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल खेचून काढायची. आणि मग गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. आउटडोअर युनिटच्या पाटीवर कुठला गॅस आणि किती ग्रॅम हे छापलेलं असतं (फोटो काढून ठेवा, कामाला येतो). या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून मजुरी जास्त होते आणि ती योग्यच असते. उलट नुसता गेज लावून, काटा बघून, पंधरा मिनिटांत "झालं" म्हणणारा माणूस स्वस्त वाटतो. इन्व्हर्टर एसीत तर गॅस दाबून फिरवणाऱ्या कॉम्प्रेसरचा वेग सतत कमीजास्त होत असतो, त्यामुळे दाब बघून अंदाजाने भरलेल्या गॅसवर भरवसा ठेवता येत नाही.

गॅस कुठला, यावरही खर्च ठरतो. जुन्या मशीनमध्ये आर-२२ असतो. ओझोनच्या थराला तो घातक, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार तो जगभरातून टप्प्याटप्प्याने हद्दपार होतोय. अमेरिकेने त्याचं नवं उत्पादन आणि आयात २०२० पासून थांबवली. माल दुर्मिळ होत गेला की भाव वर जाणारच. त्यानंतरचा आर-४१० ए, आणि आता बऱ्याच नव्या मशीनमध्ये आर-३२. "आर-२२ मिळत नाही, त्यात ४१० भरून देतो" असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. ४१० चा दाब साधारण ६० टक्क्यांनी जास्त असतो आणि कॉम्प्रेसरमधलं तेलही वेगळं लागतं. आर-३२ थोडा ज्वलनशील आहे, काही मशीनमधला आर-२९० तर चक्क प्रोपेन, म्हणजे जळणारा वायूच. भरलेल्या नळीवर डाग द्यायला ज्योतीची टॉर्च घेऊन उभा राहणारा हौशी माणूस इथे चालत नाही.

दुसरी गोष्ट बहिणीच्या घरची. तिच्याकडे निकाल आला होता, "कॉम्प्रेसर गेला." कॉम्प्रेसर म्हणजे एसीचं हृदय, आणि बदलायचा खर्च ऐकला की आपलंही हृदय बसतं. ती नवा एसी घ्यायला निघाली होती. लक्षणं अशी की बाहेरचं युनिट काही सेकंद घूं करायचं, टक् आवाज व्हायचा आणि गप्प. मी माझ्या साबणवाल्या गृहस्थांना पाठवलं. त्यांनी मीटर लावला आणि एक डबीएवढा कॅपॅसिटर बदलला. बस. कॅपॅसिटर कॉम्प्रेसरला सुरू होताना धक्का देतो. उन्हात तापून तापून तो मंदावतो, आणि मग कॉम्प्रेसर फिरायला बघतो पण फिरू शकत नाही. त्याच्या अंगावर मायक्रोफॅरॅडमध्ये आकडा लिहिलेला असतो. मीटरवरचं माप त्याहून बरंच खाली आलं की तो गेला समजायचं. संपूर्ण एसीतल्या सर्वांत स्वस्त भागांपैकी हा एक, आणि त्याच्या दुखण्यावर सर्वांत महागड्या भागाचं ऑपरेशन सांगितलं गेलं होतं. तिथे लबाडी होती की अज्ञान, मला ठाऊक नाही. बिल दोन्हीचं सारखंच येतं. (हे घरी करून बघू नका. वीज बंद केली तरी कॅपॅसिटरमध्ये भार साठलेला राहतो आणि तो झटका जिवावर बेतू शकतो.)

इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरला असा कॅपॅसिटर नसतो, त्याचं काम इलेक्ट्रॉनिक बोर्ड करतं. आणि तिथलं महागडं दुखणं म्हणजे हेच बोर्ड, पीसीबी. विजेच्या दाबातले चढउतार, आत शिरलेली पाल, मुंग्या, दमट हवा, कशानेही ते जातं. कंपनीचा माणूस बहुधा अख्खं बोर्ड बदलायला सांगतो. पण त्यावरचा एखादा सुटा भाग बदलून बोर्ड दुरुस्त करणारे कारागीर असतात, आणि वॉरंटी संपलेली असेल तर त्यांना आधी दाखवून बघायला हरकत नाही. वॉरंटीत असेल तर मात्र बाहेर कुणाला हात लावू देऊ नका. आणि हो, पडद्यावर एरर कोड दिसला तर लिहून ठेवा. बिघाड कुठे शोधायचा याची दिशा त्यातून मिळते.

वॉरंटीबद्दल एवढंच, की "कॉम्प्रेसरवर १० वर्षं" याचा अर्थ बहुतेक वेळा फक्त कॉम्प्रेसर नावाचा भाग फुकट. गॅस, मजुरी, ने-आण आपल्या खिशातून. खरोखर जळलेला कॉम्प्रेसर बदलताना आणखी एक पाहा: आत आम्ल तयार झालेलं असतं. नळ्या साफ करून ओल शोषणारा ड्रायर बदलला नाही तर नवा कॉम्प्रेसरही त्याच वाटेने जातो. वार्षिक देखभाल कराराचंही तसंच. सही करण्याआधी त्यात काय काय धरलेलं नाही ती ओळ शोधा. गॅस आणि पीसीबी बहुधा तिथेच भेटतील.

आता जरा न आवडणारं बोलतो. या सगळ्यात आपला वाटा मोठा आहे. माणूस भर उन्हात येतो, खिडकीबाहेरच्या अरुंद कठड्यावर जीव मुठीत धरून उभा राहतो, अर्धा तास तपासतो, आणि आपण व्हिजिट चार्जवर घासाघीस करतो. "बघायचेच एवढे पैसे?" हो, बघायचेच. डॉक्टरकडे तपासणी फी देताना आपण असं विचारत नाही. तपासणीला पैसे मिळत नसतील तर त्याला ते पार्ट विकून आणि गॅस भरूनच कमवावे लागणार. मी आता फोनवरच सांगतो: तपासायचे पूर्ण पैसे देईन, काम तुमच्याकडून करून घेतलं नाही तरी देईन. पण बिघाड काय आहे ते मीटरवर किंवा डोळ्यांनी दाखवायचं, आणि बदललेला जुना भाग माझ्याकडे ठेवून जायचं. या एका वाक्याने बोलण्याचा सूर बदलतो, अनुभव आहे.

आणि फोन करण्याआधी लाज न बाळगता काही गोष्टी बघून घ्या. रिमोट फॅन मोडवर तर नाही ना? मी स्वतः एकदा यासाठी माणूस बोलावलाय आणि त्याने अतिशय सभ्यपणे एक बटण दाबून दाखवलंय. एमसीबी, म्हणजे विजेच्या बोर्डावरचा सुरक्षा खटका, पडलाय का? फिल्टर कधी धुतला होता? तो गच्च भरला की हवा आत जात नाही, आतल्या थंड नळ्यांच्या जाळीवर, म्हणजे कॉइलवर, बर्फ जमतो, कूलिंग कमी होतं आणि लोक म्हणतात गॅस गेला. (गॅस कमी झाल्यावरही बर्फ जमतो, म्हणून फिल्टर आधी.) बर्फ दिसला तर एसी बंद करून पूर्ण वितळू द्या. खोलीत पाणी टपकत असेल तर बहुतेक वेळा निचऱ्याची नळी तुंबलेली असते. वीज जाऊन परत आल्यावर दोनतीन मिनिटं कॉम्प्रेसर सुरू झाला नाही तर तो बिघाड नाही, मशीन मुद्दाम थांबतं.

दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? खर्च नव्या मशीनच्या निम्म्याच्या वर जात असेल तर नवा, हा ढोबळ ठोकताळा मला पटतो. पण तो योग्य निदानावरच लावायचा. बहिणीच्या एसीला लावला असता तर धडधाकट मशीन भंगारात गेलं असतं. कॉइलच ठिकठिकाणी कुजून गळत असेल, मशीन दहाबारा वर्षांचं असेल आणि आत आर-२२ असेल, तर मात्र मीही हात जोडेन.

माझा तो गळका एसी अजून चालू आहे. इनडोअरच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवलाय: तारीख, गळती कुठे सापडली, किती ग्रॅम गॅस भरला. मागच्या सर्व्हिसिंगला आलेल्या मुलाने तो वाचला, गेज पिशवीत परत ठेवला आणि म्हणाला, "मग फक्त धुऊनच देतो."